इंग्रजी मजकुरात 'ब्लॅक' कॅपिटल आणि 'व्हाइट' स्मॉल? समूहनामांच्या पहिल्या अक्षराचा निर्णय कसा घ्यावा

तुमचा प्रश्न मला असा समजला: वंश आणि समाज या विषयावरच्या इंग्रजी निबंधसंग्रहाचं संपादन तुमच्याकडे आहे. लेखक वेगवेगळे आहेत. 'ब्लॅक' हा शब्द कुणी कॅपिटल बी-ने लिहिलाय, कुणी स्मॉल बी-ने. 'व्हाइट' बहुतेक ठिकाणी स्मॉल आहे, आणि 'इंडिजिनस' तर एकाच निबंधात दोन्ही रूपांत सापडतो. परीक्षकाने 'एकसारखं करा' असा शेरा मारलाय. सगळीकडे कॅपिटल करून टाकलं तर चालेल का, आणि 'ब्लॅक' मोठं व 'व्हाइट' लहान ठेवणं हा पक्षपात होत नाही का, असं तुम्ही विचारलंय.

सगळीकडे कॅपिटल करून टाकू नका. परीक्षकाला सुसंगती हवी आहे हे खरं, पण एकच शब्द दरवेळी एकाच रूपात दिसणं म्हणजे सुसंगती, असं इथे धरता येत नाही. एका अर्थाला एक रूप, ही इथली सुसंगती. 'इंडिजिनस' हा शब्द लोकांबद्दल आला तर कॅपिटल आणि वनस्पतींबद्दल आला तर स्मॉल. दोन्ही रूपं एकाच परिच्छेदात आली तरी चूक नाही. त्यामुळे खरं काम अर्थ तपासण्याचं आहे; अक्षर बदलणं हा त्यातला शेवटचा आणि सोपा भाग.

आधी वादाची हद्द आखून घेऊ, कारण ती वाटते त्यापेक्षा लहान आहे. अरब, ज्यू, शीख, झुलू, तमिळ, चेरोकी ही विशेषनामं आहेत आणि इंग्रजीत ती कायम कॅपिटलच असतात. एशियन, आफ्रिकन, हिस्पॅनिक, लॅटिनो यांचंही तसंच. अडचण येते ती रोजच्या वापरातल्या साध्या शब्दांचीच समूहनामं झाली आहेत तिथे. ब्लॅक, व्हाइट आणि ब्राउन हे रंग आहेत. इंडिजिनस, नेटिव्ह आणि अ‍ॅबोरिजिनल यांचा मूळ अर्थ 'तिथलाच' असा आहे. ट्रॅव्हलर म्हणजे प्रवासी. या शब्दांचा साधा अर्थ अजून जिवंत आहे, म्हणून अमुक वाक्यात शब्द नाव म्हणून आलाय की वर्णन म्हणून, हे कॅपिटल अक्षरावरून कळतं. एवढं एक सूत्र धरलं की निम्म्याहून अधिक जागा आपोआप सुटतात.

उरलेल्या जागांमागे इतिहास आहे, आणि तो माहीत असल्याशिवाय 'पक्षपात' या मुद्द्याला नीट उत्तर देता येत नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'नीग्रो' हा शब्द छापील मजकुरात सर्रास स्मॉल एन-ने येत असे. इतर समूहांची नावं कॅपिटल आणि हे एकच नाव स्मॉल. कृष्णवर्णीय अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी 1899 साली फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण हा शब्द कॅपिटलनेच लिहिणार, कारण ऐंशी लाख अमेरिकन माणसांना कॅपिटल अक्षराचा हक्क आहे, असं त्यांनी त्यातल्या तळटिपेत स्पष्ट लिहिलं. मागणी पुढे अनेक वर्षं चालू राहिली. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च 1930 मध्ये ती मान्य केली आणि हा बदल निव्वळ छपाईचा नसून पिढ्यान्‌पिढ्या 'लोअर केस'मध्ये, म्हणजे स्मॉल अक्षरात, ठेवल्या गेलेल्या माणसांच्या स्वाभिमानाची दखल आहे, असं संपादकीयात लिहिलं.

1960 च्या दशकात 'नीग्रो' मागे पडून 'ब्लॅक' पुढे आला. मग झालं असं की एक कॅपिटल नाव गेलं आणि त्याच्या जागी आलेला शब्द रंगाचं विशेषण असल्यामुळे बहुतेक वर्तमानपत्रांनी तो स्मॉल ठेवला. 'एबनी' आणि 'एसेन्स'सारखी कृष्णवर्णीयांची नियतकालिकं मात्र आधीपासून कॅपिटल बी वापरत होती. 25 मे 2020 रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाली आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत मोठ्या संस्थांनी एकामागून एक नियम बदलले. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने 19 जून 2020 रोजी 'ब्लॅक' आणि 'इंडिजिनस' कॅपिटल केले. न्यूयॉर्क टाइम्सने जूनच्या शेवटी 'ब्लॅक'बाबत तोच निर्णय जाहीर केला. म्हणजे ही 2020 ची लाट वाटत असली तरी मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. कुणी तुम्हाला 'हे नवं खूळ आहे' म्हणालं तर 1899 ची तळटीप दाखवा.

आता 'व्हाइट'. इथे संस्थांचं एकमत नाही, आणि तुमच्या लेखकांचा गोंधळ बहुधा यातूनच आलाय. एपीने जुलै 2020 मध्ये 'व्हाइट' स्मॉलच ठेवण्याचं ठरवलं. त्यांची कारणं अशी: ब्लॅक म्हणवणाऱ्या लोकांत इतिहास, संस्कृती आणि कातडीच्या रंगावरून सोसलेला भेदभाव यांचा सामायिक धागा आहे, गोऱ्या लोकांत तसा तो सर्वसाधारणपणे नाही; शिवाय गोऱ्यांचं वर्चस्व मानणारे गट हा शब्द मुद्दाम कॅपिटल लिहितात, त्यांना आयती मान्यता मिळू नये. न्यूयॉर्क टाइम्सनेही 'व्हाइट' आणि 'ब्राउन' स्मॉल ठेवले. वॉशिंग्टन पोस्टने मात्र जुलै 2020 च्या अखेरीस दोन्ही कॅपिटल करायचं ठरवलं. शिकागो मॅन्युअल या पुस्तकांसाठीच्या शैलीपुस्तिकेने, म्हणजे लेखननियमांच्या पुस्तकाने, त्याच वर्षी 'ब्लॅक' कॅपिटल ही आपली पसंती सांगितली आणि सुसंगतीसाठी 'व्हाइट'ही कॅपिटल करता येईल, अशी मोकळीक ठेवली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या (एपीए) शैलीपुस्तिकेची सातवी आवृत्ती 2019 मध्ये आली. वांशिक समूहांची नावं ही विशेषनामं आहेत, त्यामुळे दोन्ही कॅपिटल, असा त्यात सरळ नियम आहे. वैद्यकीय नियतकालिकांसाठी जामाने (अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं नियतकालिक) 2021 मध्ये दिलेलं मार्गदर्शनही दोन्ही कॅपिटल करायला सांगतं. ब्रिटिश सरकारच्या वांशिकतेविषयीच्या लेखनसूचनांत सगळ्याच वांशिक गटांची नावं कॅपिटल आहेत, 'व्हाइट' धरून.

म्हणून तुम्ही पहिलं काम करायचं ते प्रकाशकाला पत्र लिहून विचारण्याचं: तुम्ही कोणती शैलीपुस्तिका पाळता, आणि तिच्यावर तुमची घरची पुरवणी आहे का? पुरवणी असेल तर ती पुस्तिकेपेक्षा वरचढ. वर्तमानपत्रातला लेख असेल तर बहुधा एपी, मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्राचं नियतकालिक असेल तर एपीए, इतिहास वा साहित्याचं पुस्तक असेल तर शिकागो, अशी साधारण विभागणी असते, पण अंदाजाने चालू नका. पुस्तिकेचा नियम तुम्हाला पटत नसला तरी एका संग्रहापुरता तो मोडायचा नाही. पटत नसेल तर प्रकाशकाशी बोला, लेखी संमती घ्या आणि मगच बदला.

निवड तुमच्या हातात असेल तर माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही कॅपिटल करा. 'व्हाइट' स्मॉल ठेवलं की वाचकाच्या मनात तो रंगच राहतो, म्हणजे जणू बाकीच्यांना वंश आहे आणि गोऱ्यांना नाही, ते नुसते 'माणसं' आहेत. समाजशास्त्राच्या पुस्तकात हा समज पुसायचा असतो. तत्त्वज्ञ क्वामे अँथनी अपिया यांनी 2020 मध्ये दोन्ही कॅपिटल करण्याची बाजू याच अंगाने मांडली होती. शिवाय तक्त्यात 'ब्लॅक', 'व्हाइट', 'एशियन' असे रकाने शेजारी असतात, तिथे एकच स्मॉल ठेवला तर ती छपाईची चूक वाटते. एपीचा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. वर्चस्ववादी गटांचं वृत्तांकन रोज करणाऱ्या संस्थेला ती काळजी घ्यावीच लागते. पण निबंधसंग्रहात शब्दाच्या आजूबाजूला पानभर विवेचन असतं, त्यामुळे तो धोका कमी होतो. एखाद्या लेखकाने विचारपूर्वक 'व्हाइट' स्मॉल ठेवलं असेल आणि प्रकाशकाची हरकत नसेल, तर त्या निबंधात तसं ठेवून पहिल्या तळटिपेत कारण द्यावं. बहुलेखकी संग्रहात हे चालतं. न सांगता ठेवलेला फरक मात्र चालत नाही.

आता अर्थ तपासण्याकडे येतो. इथे हात आखडून चालत नाही, एकेक जागा वाचावीच लागते.

'इंडिजिनस पीपल्स ऑफ कॅनडा' कॅपिटल, 'इंडिजिनस ग्रासेस' स्मॉल. 'नेटिव्ह अमेरिकन' कॅपिटल. पण 'अ नेटिव्ह ऑफ शिकागो' स्मॉल, कारण तिथे अर्थ फक्त जन्माचा. हवाईच्या बाबतीत हा फरक फारच महत्त्वाचा ठरतो: 'नेटिव्ह हवाईयन' हा मूळनिवासी समूह आहे, आणि हवाईत जन्मलेला प्रत्येक माणूस त्यात मोडत नाही. ब्रिटन-आयर्लंडवरच्या निबंधात 'ट्रॅव्हलर' कॅपिटल टी-ने आला तर तो 'आयरिश ट्रॅव्हलर' समाज, स्मॉल आला तर स्थानकावरचा कुणीही प्रवासी. तिथे अक्षर चुकलं तर वाक्याचा अर्थच बदलतो. 'अ‍ॅबोरिजिनल' ऑस्ट्रेलियात कॅपिटल आणि विशेषण म्हणून वापरायचा. 'अ‍ॅबोरिजिनी' हे जुनं नाम आता टाळतात. 'जिप्सी' समाजाबद्दल असेल तर कॅपिटल जी, मात्र तो शब्द त्या त्या समाजाला चालतो का हे देशाप्रमाणे बदलतं. ब्रिटनमध्ये तो जनगणनेतल्या गटाच्या नावात आहे, युरोपात इतरत्र अनेक रोमा लोक त्याला अपमान मानतात.

'कलर्ड'चं उदाहरण तर नीट समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत लोकांना उद्देशून हा शब्द आज अपमानकारक ठरतो. दक्षिण आफ्रिकेत तो एका विशिष्ट समाजाचं नाव आहे. 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने ही वर्गवारी माणसांवर लादली. कायदा 1991 मध्ये रद्द झाला, पण जनगणनेत हा गट आजही आहे आणि त्या समाजातले अनेकजण स्वतःसाठी हा शब्द वापरतात. म्हणून दक्षिण आफ्रिकेवरच्या निबंधात कॅपिटल सी आणि ब्रिटिश वर्णलेखन ठेवा, आणि अमेरिकन वाचकासाठी पहिल्याच उल्लेखात एका वाक्याचं स्पष्टीकरण द्या. उलट 1909 साली स्थापन झालेल्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल' या संस्थेच्या नावात तो शब्द तसाच राहतो. संस्थेच्या नावाला हात लावायचा अधिकार संपादकाला नाही.

शब्द कॅपिटल केला की तो आपोआप योग्य होतो, असंही समजू नका. 'कॉकेशियन' कायम कॅपिटलच असतो, कारण तो पर्वतरांगेच्या नावावरून आलाय. पण गोऱ्या लोकांसाठी तो रूढ झाला तो अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मन शास्त्रज्ञ ब्लुमेनबाख यांनी केलेल्या मानववंशांच्या वर्गीकरणामुळे, आणि ते वर्गीकरण आज कुणी शास्त्र म्हणून मानत नाही. लेखाचा विषयच काकेशस प्रदेश नसेल तर लेखकाला 'व्हाइट' किंवा 'युरोपियन वंशाचे' असं नेमकं काहीतरी सुचवा. तसंच 'अ ब्लॅक' असं एकवचनी नाम कॅपिटल करूनही खटकतंच. 'ब्लॅक पीपल', 'ब्लॅक वर्कर्स' अशी विशेषणाची रचना करून घ्या. आणि एका ठिकाणी तर कॅपिटल काढणं हाच योग्य बदल ठरला: 'अँटिसेमिटिझम' पूर्वी जोडरेघ आणि कॅपिटल एस-ने लिहीत. त्यातून 'सेमाइट' नावाचा कुणी वंश आहे आणि विरोध त्याला आहे, असा भास व्हायचा. एपीने 2021 मध्ये जोडरेघ आणि कॅपिटल दोन्ही काढून शब्द सलग केला. ज्यूद्वेषासाठी आता हेच रूप वापरा.

उपसर्ग आणि साधित शब्द इथेच ठरवून टाका. 'व्हाइट' कॅपिटल असेल तर 'नॉन-व्हाइट'मध्ये जोडरेघ लागते, कारण विशेषनामाला उपसर्ग थेट चिकटवत नाहीत. स्मॉल असेल तर शिकागोप्रमाणे शब्द सलग लिहितात. 'अँटी-ब्लॅक', 'अँटी-एशियन' यांत जोडरेघ आणि कॅपिटल. 'ब्लॅकनेस' आणि 'व्हाइटनेस' मूळ शब्दाच्या मागे जातात. 'पीपल ऑफ कलर' स्मॉलच. 'एशियन अमेरिकन', 'आफ्रिकन अमेरिकन' यांतली जोडरेघ एपीने 2019 मध्ये काढली. एपीए आणि शिकागोही ती घेत नाहीत, अगदी पुढे नाम आलं तरी. 'व्हाइट सुप्रिमसी'सारख्या शब्दप्रयोगांत मी पुस्तिकेचा नियम पुन्हा उघडून बघतो, कारण ते एका विचारसरणीचं नाव आहे, आणि काही ठिकाणी 'व्हाइट' कॅपिटल असूनही तिथे स्मॉल ठेवायला सांगतात.

तुमच्या संग्रहात भारतावरचे निबंध असतील तर तिथेही हाच प्रश्न येईल. 'दलित', 'आदिवासी' इंग्रजीत कॅपिटल आणि सरळ ठशात. तिरप्या ठशात मुळीच नको, तिरपा ठसा परक्या शब्दासाठी असतो आणि लोकांचं नाव परकं मानायचं नसतं. जातींची नावं कॅपिटल. 'अपर कास्ट' हे वर्णन, म्हणून स्मॉल. 'शेड्यूल्ड कास्ट' आणि 'शेड्यूल्ड ट्राइब' कॅपिटल, कारण कलम 341 आणि 342 खाली काढलेल्या याद्यांवरून ठरणाऱ्या त्या घटनात्मक संज्ञा आहेत. राज्यघटनेचं कलम 15(4) इंग्रजीत उघडून बघा. एकाच वाक्यात 'सोशली अँड एज्युकेशनली बॅकवर्ड क्लासेस' स्मॉल अक्षरांत आहे आणि 'शेड्यूल्ड कास्ट्स' कॅपिटल. पहिलं वर्णन, दुसरी संज्ञा. मात्र 'अदर बॅकवर्ड क्लासेस' ही आज सरकारी प्रवर्गाचं नाव झाली आहे, म्हणून त्या अर्थाने कॅपिटल. 'ट्रायबल' हे विशेषण स्मॉल, आणि 'अ ट्रायबल' असं नाम म्हणून आलं तर बदलून घ्या.

अवतरणांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. छापील किंवा लिखित मजकूर उद्धृत केला असेल तर अक्षराला हात लावायचा नाही. 1920 सालच्या वर्तमानपत्रात स्मॉल एन-ने 'नीग्रो' असेल तर ते स्मॉल एन हाच पुरावा आहे. आपण ते 'सुधारलं' तर डु बॉइस कशाविरुद्ध लिहीत होते तेच वाचकाला दिसणार नाही. कॅनडाच्या 1982 च्या घटना कायद्यातल्या कलम 35 मध्ये 'अ‍ॅबोरिजिनल पीपल्स' स्मॉल ए-ने आहे. उद्धृत करताना तसंच ठेवा, आणि स्वतःच्या वाक्यात 'इंडिजिनस' कॅपिटल लिहा. अशा जागी चौकोनी कंसात 'सिक' ('मुळात असंच आहे') टाकू नका. तो शेरा चुकीसाठी असतो, आणि त्या काळाच्या नियमाने लिहिलेलं चूक ठरत नाही. समाजमाध्यमावरची नोंद किंवा ईमेल हाही लिखित मजकूरच.

मुलाखतीचं मात्र उलट आहे. बोलण्यात कॅपिटल नसतं. प्रतिलेखन करणाऱ्याने कान देऊन अक्षर निवडलेलं असतं, म्हणून मुलाखतीतल्या अवतरणांना पुस्तकाचाच नियम लावायचा. दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत आणलेल्या अवतरणांनाही पुस्तकाचा नियम, कारण इंग्रजी शब्द अनुवादकाचे आहेत. अनुवादित मजकुरात मूळ भाषेची सवय उतरते, तिकडे लक्ष ठेवा. फ्रेंचमध्ये समूहाचं नाव नाम म्हणून कॅपिटल आणि विशेषण म्हणून स्मॉल असतं, स्पॅनिशमध्ये दोन्ही स्मॉल, जर्मनमध्ये प्रत्येक नामच कॅपिटल. या भाषांतून आलेल्या निबंधात विसंगती दिसली तर बहुतेक वेळा लेखकाची काही भूमिका नसते, मूळ भाषेची सवय असते.

प्रत्यक्ष काम मी या क्रमाने करतो. आधी सगळी अवतरणं, संस्थांची नावं आणि ग्रंथनामं रंगवून घेतो, म्हणजे चुकून तिथे बोट पडत नाही. मग शैलीपत्रक, म्हणजे या पुस्तकापुरत्या निर्णयांची यादी, उघडून प्रत्येक शब्दाची एक ओळ करतो: शब्द, कॅपिटल कधी, स्मॉल कधी, अपवाद, आणि नियम कुठून आला. त्यानंतर शोध. वर्डमध्ये 'मॅच केस' आणि 'होल वर्ड्स ओन्ली' या दोन्ही खुणा लावून आधी स्मॉल रूप शोधा, मग कॅपिटल. 'रिप्लेस ऑल' वापरू नका. काळा बाजार, कृष्णधवल छायाचित्र, काळा समुद्र, 'ब्लॅक' आडनावाचा संशोधक हे सगळे त्या एका कळीखाली सापडतात. 1954 च्या 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' खटल्यातलं 'ब्राउन' हे आडनाव आहे, हे यंत्राला कळत नाही. कॅपिटलचं स्मॉल करताना 'मॅच केस' विसरलात तर आणखी एक घोळ होतो: वर्ड सापडलेल्या शब्दाचं कॅपिटल बदलीच्या शब्दालाही चढवतो. बदल झाल्याचा आकडा दिसतो आणि मजकूर होता तसाच राहतो.

शोधात न सापडणाऱ्या जागा हाताने बघाव्या लागतात. आलेखांतली लेबलं चित्रात असतात. तळटिपा, मजकूरचौकटी, चित्रओळी, चित्राचा पर्यायी मजकूर (चित्र न दिसणाऱ्यांसाठीचं वर्णन) हे सगळं वेगळं तपासा. आकडेवारीच्या फाइलमध्ये कॅपिटल आणि स्मॉल रूपं आज्ञावलीला दोन वेगळे गट वाटतात, त्यामुळे तक्त्यात एकाच समूहाच्या दोन ओळी येऊ शकतात. लेबल बदलण्याआधी लेखकाला मूळ फाइल एकसारखी करून बेरजा पुन्हा काढायला सांगा. सर्वेक्षणात लोकांसमोर जे पर्याय ठेवले होते ते जसेच्या तसे द्यायचे असतील, तर ते अवतरण समजून मूळ रूपातच ठेवा. ही वर्गवारी माणसांनी स्वतः सांगितली की संशोधकाने ठरवली, हेही पद्धतीच्या भागात लिहिलेलं असायला हवं. जामाच्या मार्गदर्शनात याचा स्पष्ट आग्रह आहे.

संदर्भसूचीत एक किचकट अडचण येते. एपीएसारख्या पद्धतीत लेखांची शीर्षकं वाक्याप्रमाणे लिहितात, म्हणजे पहिला शब्द आणि विशेषनामं सोडून बाकी सगळं स्मॉल. मूळ शीर्षकात मात्र जवळपास प्रत्येक शब्द कॅपिटल असतो, त्यामुळे त्यातलं 'ब्लॅक' नाव म्हणून कॅपिटल होतं की शीर्षक म्हणून, हे कळायला मार्ग नसतो. अशा वेळी पाळत असलेल्या पुस्तिकेचा नियम लावा आणि सूचीभर तोच ठेवा. संदर्भसूची बनवायला बिबटेक ही प्रणाली वापरत असाल तर अशा शब्दाचं पहिलं अक्षर महिरपी कंसात टाका, नाहीतर ते गुपचूप स्मॉल होतं. झोटेरो या संदर्भ साठवण्याच्या प्रणालीत शीर्षकं वाक्यासारखीच, विशेषनामं तेवढी कॅपिटल ठेवून साठवा, गरज पडेल तिथे तो कॅपिटल करून घेतो. उलट दिशेने हे जमत नाही.

प्रकरणांच्या मथळ्यांत सगळे शब्द कॅपिटल असतील तर 'व्हाइट'ही कॅपिटल दिसणार. वाक्याच्या सुरुवातीला तेच. मुद्रितशोधकाने त्यावर खूण केली तर 'राहू द्या' लिहा. याला एक अपवाद आफ्रिकी भाषांच्या नावांचा: 'इसिझुलू', 'इसिखोसा' यांत सुरुवातीचा उपसर्ग स्मॉल आणि मधलं अक्षर कॅपिटल असतं. ते नाव वाक्याच्या सुरुवातीला येणार नाही अशी वाक्यरचना करून घेणं सगळ्यांत सोपं. माओरी लिहिताना 'आ'वरची आडवी रेघ टाकायलाही विसरू नका. ती नसली तर न्यूझीलंडच्या वाचकाला कॅपिटल विसरण्याइतकंच खटकतं.

पुस्तकाच्या सुरुवातीला अर्ध्या पानाची टीप घाला. तिच्यात चार गोष्टी पुरेत: कोणती पुस्तिका पाळली, 'ब्लॅक', 'व्हाइट' आणि 'इंडिजिनस' कोणत्या अर्थाने कॅपिटल आहेत, उद्धृत मजकूर मूळ रूपात ठेवला आहे, आणि कोणत्या निबंधात लेखकाने वेगळी निवड केली आहे. समर्थनाचा लांब निबंध तिथे नको.

बदल केल्यावर प्रत्येक लेखकाला त्याच्या निबंधातल्या बदलांची यादी पाठवा, दुरुस्त्या दिसतील अशा फाइलसह. ज्या समूहाबद्दल लिहिलंय त्याच समूहातला लेखक असेल तर त्याचं म्हणणं माझ्या लेखी पुस्तिकेपेक्षा जड आहे. त्याची निवड प्रकाशकाकडून मान्य करून घेण्याचं काम तुम्ही अंगावर घ्या. आणि शैलीपत्रकाची शेवटची प्रत पुस्तकाची शब्दसूची करणाऱ्या सूचीकाराला न चुकता द्या. शब्दसूचीतल्या नोंदी बहुतेक पुस्तकांत स्मॉल अक्षराने सुरू होतात, त्यामुळे 'ब्लॅक मार्केट' स्मॉल आणि 'ब्लॅक वर्कर्स' कॅपिटल अशा दोन नोंदी एकाखाली एक येतील. हा फरक मुद्दाम ठेवला आहे हे त्यांना माहीत नसेल तर ते एक रूप करून टाकतील, आणि तोवर तुमच्या हातात पानं तपासायला फार तर दोन-तीन दिवस उरलेले असतील.